सायबीण आली, माणसे आली नाहीत

आमच्या वाड्यावर दर वर्षी सायबिणीची फेरी असते. मरियेची ती लहानशी मूर्ती एका घरी एक रात्र राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, तेर्स होतो आणि गीते म्हणत, मेणबत्त्यांच्या उजेडात ती पुढच्या घरी जाते. आलेल्यांच्या हातावर उकडलेले चणे ठेवायचे. आम्ही हिंदू असलो तरी लहानपणापासून त्या मिरवणुकीच्या मागून चाललेलो आहोत. तेर्स पाठ नसला तरी चण्यांची चव पाठ आहे.

काही वर्षांमागची गोष्ट. एका घरी मूर्ती आली. त्या घरी एरवी अंगण भरून माणसे असायची. त्या संध्याकाळी मोजून सहा-सात होती. घर तेच, आल्तारावर फुले तशीच, म्हातारीने पातेलेभर चणेही दर वर्षासारखेच शिजवले होते. बदल एवढाच झाला होता की त्या घरची मुलगी (मुलगी म्हणायचे, पण चाळिशीला टेकलेली, दोन मुलांची आई) सासर सोडून माहेरी येऊन राहिली होती आणि कोर्टात घटस्फोटाचा अर्ज पडला होता. कोणी उघडपणे बहिष्कार टाकला नव्हता. कोणाला त्या दिवशी बरे नव्हते, कोणाच्या घरी पाहुणे होते, कोणाला कामावरून यायला उशीर झाला होता. सगळी कारणे खरीही असतील. पण पातेल्यात चणे अर्ध्याहून जास्त उरले, हेही खरे.

मी गेलो होतो. पण म्हणून मी फार शहाण्यासारखा वागलो असे समजू नका. निघताना मी तिला हळूच विचारले, "बाय, नेमके झाले तरी काय?" तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, तुम्हीपण?"

ते दोन शब्द अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. मला वाटले होते की मी आपुलकीने विचारतो आहे. तिला तो शंभरावा पंच वाटला. घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या माणसाशी ख्रिस्ती समाजाने कसे वागावे, यावर लिहावे असे त्या दिवसापासून मनात होते. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा दुसऱ्याच्या देवघरात डोकावून आरास कशी करावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही, हे मला मान्य आहे. पण भिंतीला भिंत लागून राहिलेल्या माणसाला काही गोष्टी दिसतात. शिवाय जो दोष त्या अंगणात मला दिसला तो माझ्याच तोंडून बाहेर पडला होता. त्यामुळे हा लेख जितका त्यांच्याविषयी आहे तितकाच आपल्याविषयी आहे.

आधी थोडे कायद्याविषयी, कारण गोव्यात लग्न ही गोष्ट कायद्यापासून वेगळी काढताच येत नाही. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता आजही कौटुंबिक कायद्याचा पाया आहे. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि महिनाभराच्या आत, ३ नोव्हेंबरला, नव्या सरकारने घटस्फोटाचा कायदा काढला. पुढे तो गोव्यातही लागू झाला. व्यभिचार, मारहाण आणि छळ, तीन वर्षांचा त्याग, जुगाराचे व्यसन अशी कारणे त्यात दिलेली होती. उर्वरित भारतातल्या हिंदूंना देशभर लागू होणारा घटस्फोटाचा कायदा मिळायला १९५५ साल उजाडले, हे लक्षात घेतले तर ही तारीख किती लवकरची होती ते कळते.

पण कॅथलिकांच्या बाबतीत ही वाट पुढे अरुंद झाली. १९४० साली सालाझारच्या सरकारने व्हॅटिकनशी करार केला. जे इगर्जीत लग्न करतात ते दिवाणी घटस्फोटाचा हक्क सोडतात, असे त्यात गृहीत धरले होते. १९४६ च्या एका हुकुमाने ती व्यवस्था वसाहतींमध्ये आली. म्हणजे शेजारच्या हिंदूला जे दार होते ते कॅथलिकाला, इगर्जीत लग्न लागले म्हणून, बंद झाले. पोर्तुगालने स्वतः १९७५ मध्ये व्हॅटिकनशी नवा करार करून ही अट काढून टाकली. गोवा त्याच्या चौदा वर्षे आधीच मुक्त झाला होता, त्यामुळे ती दुरुस्ती आपोआप इकडे आली नाही आणि इथल्या वकिलांना जुन्या हुकुमाच्या कलमांशी झुंजत बसावे लागले. मुंबईत किंवा बेळगावात राहिलेल्या ख्रिस्ती बाईची स्थिती तरी कुठे बरी होती? तिथे १८६९ चा कायदा होता. नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार दाखवला की पुरे. पत्नीला मात्र नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद संसदेने काढला तो २००१ साली, आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय त्या कायद्यात तेव्हाच आली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की या सगळ्या कायद्यांनी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला: दोष कोणाचा? कोर्टाला तो विचारावा लागतो. मालमत्ता वाटायची असते (आपल्याकडे तर लग्नाबरोबर अर्ध्या मालमत्तेचा हक्क येतो), मुलांचा ताबा ठरवायचा असतो, पोटगी ठरवायची असते. न्यायाधीशाला त्यासाठी पगार मिळतो. पण हा कोर्टाचा प्रश्न वाड्याने उचलला. तो बाजारात, बसस्टॉपवर, मीस संपल्यावर इगर्जीच्या पायऱ्यांवर विचारला जाऊ लागला. आणि कोर्टात निदान दोन्ही बाजूंना वकील असतो. वाड्यावर गैरहजर माणसाची बाजू कोण मांडणार?

मला म्हणायचे आहे ते एवढेच: करुणा निकालाची वाट पाहत नाही. दोष कोणाचा हे ठरल्यावर जी दाखवली जाते ती करुणा नसून फार तर बक्षीस असते. निर्दोष ठरलेल्याला वाटलेले. आणि हे मी माझ्या मनाचे सांगत नाही, ज्यांच्या अंगणात ती सायबीण आली होती त्यांच्याच ग्रंथात ते लिहिलेले आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानाची सुरुवात पाहा. वंशावळ संपली की पहिलीच गोष्ट मोडू घातलेल्या लग्नाची आहे. योसेफाची मरियेशी वाग्दान झालेले, आणि ती गरोदर असल्याचे त्याला कळते. देवदूत अजून आलेला नाही, खुलासा झालेला नाही. योसेफाच्या दृष्टीने सगळा पुरावा तिच्या विरुद्ध आहे. तिला चारचौघांत उभे करण्याचा अधिकार त्या काळच्या नियमाने त्याला होता. तो ठरवतो की तिची बेअब्रू करायची नाही, गुपचूप मोकळे करायचे. आणि ग्रंथकार त्याला नीतिमान म्हणतो ते नेमके या ठिकाणी. पुढे देवदूत येऊन त्याचा विचार बदलतो ही गोष्ट वेगळी. पण नीतिमान हा शब्द त्याला देवदूताच्या आधी मिळालेला आहे. सत्य कळण्यापूर्वी, आपलीच फसवणूक झाली असे वाटत असताना, दुसऱ्याची अब्रू झाकणारा तो नीतिमान. सासष्टीत सां जोझे दि आरियाल नावाचा अख्खा गाव या संताच्या नावाने आहे, घरटी एक जुझे आहे. त्याच्या या गुणाची आठवण मात्र आपल्याला कमी येते.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची. पाच नवरे झालेली बाई, आणि सहाव्याबरोबर राहते ती लग्नाशिवाय. शतकानुशतके प्रवचनांतून ती चंचल, पापी बाई म्हणून रंगवली गेली. मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचले. ते पाच नवरे मेले की त्यांनी तिला टाकली, याविषयी ग्रंथ एक अक्षर बोलत नाही. त्या समाजात सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार पुरुषाच्या हाती होता, तेव्हा पाच वेळा ती स्वतः उठून गेली असेल हे तर संभवतच नाही. येशूला तिचे सगळे आयुष्य ठाऊक आहे असे गोष्ट सांगते. तरी तो तिला 'झाले तरी काय' असे विचारत नाही. मी विचारले, त्याने विचारले नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुद्याने शोमरोन्याच्या भांड्यातले पाणी मागणे म्हणजे काय, हे आपल्याला, ज्यांच्या आजीने सोवळ्याची घागर वेगळी ठेवली होती त्या आपल्याला, कोणी समजावून सांगायची गरज नाही. आधी तिच्या हातचे घेतो, मग बोलणे सुरू करतो. आणि गोष्टीच्या शेवटी तीच बाई गावात जाऊन लोकांना बोलावून आणते. ज्या गावाने तिच्याविषयी बोलायचे, ते गाव तिचे ऐकते.

कोणी म्हणेल, पण त्याच येशूने घटस्फोटाला स्पष्ट नकार दिला आहे, ते कुठे जाईल? दिला आहे, आणि तो झाकायचे कारण नाही. मत्तयच्या १९ व्या अध्यायात तो वाद आहे. पण प्रश्न काय होता ते पाहावे. कोणत्याही कारणावरून पुरुषाने बायको टाकावी का, असे परूशी विचारत होते. त्या काळी यावर दोन पंथ होते. शम्मायचे अनुयायी फक्त व्यभिचाराचे कारण मानत. हिल्लेलचे अनुयायी अगदी क्षुल्लक कारणही चालवून घेत. त्या परिस्थितीत 'टाकू नका' हे वाक्य बाईच्या बाजूने उभे राहणारे होते. तिला एका चिठ्ठीवर रस्त्यावर काढण्याविरुद्ध ते उच्चारले गेले. तेच वाक्य घेऊन पुढे मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरी पाठवले गेले, याला काय म्हणायचे? औषधाची बाटली तीच, रोगी बदलला.

आता चर्चची अधिकृत भूमिका. इथे आपल्या वाड्यावर इतके गैरसमज आहेत की थोडे सविस्तर लिहितो. चर्चच्या मते रीतसर लागलेले लग्न माणसाला मोडता येत नाही. दिवाणी घटस्फोटाने ते बंधन सुटत नाही. इथवर सगळ्यांना माहीत असते. पण १९८३ च्या चर्चच्या कायद्यात, एकत्र राहणे धोक्याचे झाले तर पतिपत्नींनी वेगळे राहण्याची तरतूद आहे, हे किती जणांना माहीत असते? १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात असेही म्हटले आहे की मुलांचा सांभाळ, कायदेशीर हक्क किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोट हाच एक उपाय उरला असेल तर तो चालू शकतो, तो घेणे हे पाप ठरत नाही. म्हणजे ज्याचा घटस्फोट झाला पण ज्याने दुसरे लग्न केले नाही, त्याला केवळ त्या घटस्फोटामुळे पवित्र कुमगारापासून दूर राहण्याचे काही कारण नाही. तरी अशी माणसे मी पाहिली आहेत जी मिसेला शेवटच्या बाकावर बसतात आणि इतर सगळे पुढे जात असताना मान खाली घालून जागेवरच राहतात. त्यांना कोणी अडवलेले नसते. त्यांना कोणी सांगितलेलेही नसते.

दुसरे लग्न केलेल्यांचा प्रश्न अवघड आहे, आणि चर्चमध्ये त्यावर अजून मतभेद आहेत. पण तिथेही स्वर बदलत आलेला आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या पत्रात अशा लोकांसाठी कुमगाराचे दार उघडले नाही, तरी त्यांनी स्वतःला चर्चपासून तुटलेले समजू नये आणि पाद्रींनी त्यांची काळजी वाहावी असे बजावले. फ्रान्सिस पोपनी ऑगस्ट २०१५ मध्ये रोमच्या जाहीर सभेत सांगितले की ही माणसे बहिष्कृत नाहीत आणि त्यांना तसे वागवता कामा नये. कुटुंब या विषयावर २०१४ आणि २०१५ अशा लागोपाठ दोन वर्षी बिशपांच्या परिषदा झाल्या आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांचे 'आमोरिस लेतित्सिया' हे पत्र प्रसिद्ध झाले. कोणालाही कायमची शिक्षा ठोठावण्याची शुभवर्तमानाची रीत नव्हे आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी समजून घ्यावी, हा त्याच्या आठव्या प्रकरणाचा गाभा आहे. त्यावर कार्डिनलांमध्येही वाद झाले. फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. वाद अजून आहेच.

लग्न रद्दबातल ठरवण्याच्या चर्चच्या प्रक्रियेविषयीही दोन शब्द. लोक तिला 'चर्चचा घटस्फोट' म्हणतात, ते चूक आहे. मुळात संमतीतच खोट होती (जबरदस्ती, फसवणूक, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक असमर्थता) म्हणून ते लग्न लागलेच नव्हते, असा तो निर्णय असतो. त्यामुळे मुले अनौरस ठरत नाहीत, हेही चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे. पूर्वी अशा निर्णयावर दुसऱ्या न्यायासनाचे शिक्कामोर्तब लागत असे. डिसेंबर २०१५ पासून ती अट गेली, साध्या प्रकरणांसाठी बिशपांपुढे छोटी प्रक्रिया आली आणि शक्य तितके हे काम विनामूल्य व्हावे असे सांगितले गेले.

म्हणजे रोममध्ये कागद हलला. वाडा हलला का? माझे मत असे की ज्याला आपण धर्माचा कडकपणा समजतो त्यातला अर्धा धर्माचा नसतोच. तो गावाचा असतो. पोपच्या पत्रापेक्षा "घोवाक सोडून आयल्या मगे ती" हे एक वाक्य जास्त वेगाने आणि जास्त लांब पोचते.

यावर माझ्या एका कॅथलिक मित्राने घेतलेला आक्षेप प्रामाणिक आहे, तो नोंदवतो. तो म्हणाला, "तुम्ही लोक सगळे सोपे करून टाकता. उद्या मुलांना वाटेल की लग्न म्हणजे मोबाइलचे सिमकार्ड. नाही जमले, बदलले. मुलांचे हाल कोण बघणार?" त्याची भीती खोटी नाही. घटस्फोटात मुले भरडली जातात, आणि लग्न टिकावे म्हणून झटणारा समाज वाईट समाज नव्हे. पण मी त्याला उलट विचारले, लोकलज्जेने जे टिकते ते लग्न असते की नुसते एका छपराखाली राहणे? पडलेल्या माणसाला पाणी पाजले म्हणून रस्त्यावर पडणे चांगले, असा अर्थ होत नाही. फ्रान्सिस पोप चर्चला लढाईच्या मैदानावरच्या इस्पितळाची उपमा देत. तिथे जखमीला आधी 'तू कोणत्या बाजूचा' असे विचारत नाहीत. आणि मुलांचेच म्हणाल तर, आईबापांच्या वेगळे होण्याइतकेच, कधी त्याहून जास्त, त्यांना शाळेत विचारलेले प्रश्न लागतात. ते प्रश्न दुसऱ्या मुलांच्या तोंडून येतात, पण शिजतात मोठ्यांच्या स्वयंपाकघरात.

आणि हे सगळे बाईपुरते नाही. बोटीवर नोकरी करणारा एक जण मला माहीत आहे. नऊ नऊ महिने समुद्रावर. एका खेपेला परत आला तेव्हा संसार संपला होता. चूक कोणाची, मला ठाऊक नाही, आणि आता मी विचारत नाही. गावाने त्याला हसण्यावारी नेले. बाईला निदान कोणीतरी 'बिचारी' म्हणते. पुरुषाला तेही मिळत नाही. त्याला तावेर्नात एक पेला पुढे करतात आणि तीच सहानुभूती समजतात.

आपण हिंदूंनी हे वाचून मान डोलवायचे कारण नाही. आपल्याकडे कोणते प्रायश्चित्त आणि कोणता कुमगार? तरीही नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, यावर घरोघरी कुजबूज होतेच. तिची ओटी भरताना हात अडखळतातच. 'टाकलेली' हा शब्द मराठीचा आहे, पोर्तुगीजांनी आणलेला नाही.

मराठीतच याचे दुसरे उदाहरणही आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्याला ते लग्न मोडून घेता यावे, असा कायदाही ब्रिटिशांनी १८६६ सालीच केलेला होता. टिळकांच्या घरात ती वेळ आली नाही. दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी त्या मधल्या वर्षांचे वाटते. धर्म कोणाचा बरोबर, हे ठरेपर्यंत त्या बाईला कोणीतरी जेवायला घातले, मुलासकट घरात ठेवून घेतले. ज्यांनी तेवढे केले त्यांना टिळकांचे वागणे मान्य होते असे नाही. मान्य नसतानाही माणसाला आधार देता येतो, हे त्यांनी दाखवले. ते हिंदू होते, पण मी ज्याला ख्रिस्ती करुणा म्हणतो आहे ती याहून वेगळी नाही.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी बिशपांनी ठरवाव्यात. फिर्गजेत आणि वाड्यावर करण्यासारखे बरेच आहे. लग्नाआधी जोडप्याला चर्चच्या तयारीवर्गाला बसावे लागते, ही चांगली प्रथा आहे. पण लग्न मोडायला लागते तेव्हा ज्याच्याकडे जावे असा माणूस किती फिर्गजांत आहे? विगाराने पहिल्याच महिन्यात एकदा त्या घरी जावे, उपदेश न करता चहा घेऊन यावे. कुमगार घेता येतो की नाही, न्यायासनाकडे अर्ज कसा करायचा, हे कोणीतरी साध्या कोंकणी-मराठीत सांगावे. मुलाच्या पहिल्या कुमगाराला आई आणि बाप दोघांनाही बोलवावे, आणि ते एकमेकांकडे पाहत नाहीत याची चर्चा करू नये. गायनमंडळात असलेल्या बाईला तिथेच गाऊ द्यावे. फेस्ताच्या यादीतून तिचे नाव आपोआप गळू नये. जिथे मारहाण आहे तिथे 'सोसून घे' हा सल्ला बंद करावा. २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत, त्यांच्याकडे तिला घेऊन जावे. आणि आपण शेजाऱ्यांनी, कोणत्याही धर्माच्या, तो एक प्रश्न तेवढा गिळावा.

दर नाताळला त्या घरून आमच्याकडे ताट यायचे. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकचा तुकडा, वर विणलेला रुमाल. चवथीला आमचे ताट तिकडे जायचे. त्या सायबिणीच्या वर्षी नाताळला ताट आले नाही. आमच्या घरात पहिला विचार आला तो असा की बहुतेक यंदा त्यांनी केले नसेल, आपण कशाला जाऊन संकोचात टाका. पण माझी पत्नी म्हणाली, "त्यांनी दिले नाही म्हणून आपण न्यायचे नाही, असा कुठे नियम आहे?" चवथ होऊन गेली होती. घरात करंज्याही नव्हत्या. तिने सकाळी शिरा केला, ताटात घातला आणि आम्ही दोघे गेलो.

दार तिनेच उघडले. आम्ही काही विचारले नाही. मी म्हणालो, "बाय, चालून तहान लागली. पाणी दे जरा."

आमचे घर तिथून पन्नास पावलांवर आहे. ती हसली, आणि पाणी आणायला आत गेली.